पाणी आधी खालून खातं

भाऊ, तुझी तेरवी होऊन आज आठवा दिवस. मी जेवतो, झोपतो, बैलांपुढं कडबा टाकतो. भेटायला येणारे आधी मायकडं पाहतात आणि मग माझ्याकडं. मी रडलो नाही हे गावाला खटकून राहिलं. मलाही खटकतं. पण झोपेत हात अंगाखाली सापडला म्हणजे कसा होतो, चिमटा घेतला तरी आपला वाटत नाही, तसा मी सगळाच झालो आहे.

पाटलाच्या ओसरीवर पंतोजींपुढं दोन पावसाळे बसलो, तेवढ्या अक्षरांवर हे लिहितो. तुला वाचता येत नव्हतं. तू खरंच समोर असतास तरी मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि काही ओळी मी गाळल्या असत्या. आता गाळायचं कारण राहिलं नाही.

तू समुद्रावर अडकलास त्या वर्षापासून सांगतो. कुठं दूरच्या मुलखात लढाई लागली, तिकडचा कापूस बंद पडला, आणि आपल्या वऱ्हाडातला कापूस मिळेल तसा उचलून नेऊ लागले. रेल आपल्याकडं आली नव्हती. फाल्गुनात तू गाडीवानांबरोबर गाडी जुंपून घाटाखाली गेलास. वैशाखात बाकीचे परत आले, तू आला नाहीस. ते म्हणाले, उजवा बैल मेला, किसनला ताप भरला, एका म्हाताऱ्या कोळिणीच्या झोपडीत ठेवून आलो. मग पाऊस लागला, घाट बंद झाला आणि तुझी काहीच खबर येईना. माय रोज तुझ्या वाटणीची भाकर थापायची आणि सकाळी ती गाईला घालायची. वयनी कोणाशी बोलत नव्हती.

त्या वर्षी जो तो कापसाची पऱ्हाटीच पेरत होता. ज्वारीच्या वावरात पऱ्हाटी, धुऱ्याच्या बांधावर पऱ्हाटी. आपलं वावर पूर्णेच्या वळणावर, नदी सरळ येऊन आपल्याच काठाला धडकते आणि मग पैलथडीकडं वळते. काठावर आजोबांच्या हातच्या बाभळी होत्या, मधूनमधून सिंदी. त्यांच्या सावलीत पीक येत नसे. तू नव्हतास. मी कुऱ्हाड घेतली आणि आठ दिवसांत एकोणीस बाभळी पाडल्या. पार काठापर्यंत पेरणीच्या ओळी, तासं, ओढली. पीक असं आलं की चांदूर बाजारचे लोक पाहायला आले. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं.

दिवाळी झाल्यावर तू आलास. पायी, काळा पडलेला, गालाची हाडं वर आलेली. जेवलास आणि सरळ वावरात गेलास. मी मागं मागं. तू एका खुंटावर बसलास. पऱ्हाटीकडं तू पाहिलंसुद्धा नाहीस.

"हे कोनं केलं?"

"मी."

"तू मले मेलो समजला का?"

मी नाही म्हणालो. ते पूर्ण खरं नव्हतं, भाऊ. आषाढ सरला तेव्हापासून थोडं थोडं समजत होतो.

तू ओरडला असतास तर बरं झालं असतं. तू त्या म्हातारीची गोष्ट सांगायला लागलास. तिचं घर दोन खडकाळ टोकांच्या मधल्या वाळूवर होतं. समुद्राचं पाणी पहिल्यांदा तोंडात गेलं तेव्हा तुला आपली विहीर आठवली होती. आपल्याकडच्या विहिरीही खाऱ्याच, म्हणून तू म्हणालास, घरच्यासारखं वाटलं, फक्त जास्त. मी हसलो. तू नाही हसलास. तू म्हणालास, पावसाळाभर मी आजारी पडून एकच काम केलं, लाटा पाहिल्या.

मग पुढचे किती तरी दिवस तू तेच सांगत होतास. दोन्ही टोकांचे खडक समुद्रात पुढं आलेले, म्हणून लाटेचा सगळा मार त्यांच्यावर. लाट खडकाला वरून काही करत नाही. बुडाशी घळ पाडते, दरवर्षी थोडी आत जाते, आणि एक दिवस वरचा कडा आधार सुटून खाली बसतो. ते धोंडे मग लाटेत एकमेकांवर घासून गोल होतात, लहान होतात, शेवटी रेती होतात. मधल्या खोलगट किनाऱ्यावर तीच लाट पसरून येते, जोर संपलेला असतो, तिथं ती रेती आणून ठेवते. तू म्हणायचास, आषाढात त्या म्हातारीच्या दारातली सगळी वाळू गेली, खालचे काळे दगड उघडे पडले, आणि मी ताप असतानाही घाबरून उठलो. म्हातारी तुला म्हणाली होती, झोप, ती लांब गेलेली नाही. वाळू किनाऱ्यापासून थोडी पुढं पाण्याखाली जाऊन बसते, दसऱ्यानंतर लाटा लहान झाल्या की त्याच तिला परत वर लोटतात. तू ते परत आलेलं पाहूनच निघालास. वाळू भरलेली पाहायची होती म्हणून तू आणखी पंधरा दिवस थांबलास, हे तू मला सांगितलंस आणि वयनीला सांगितलं नाहीस. मीही सांगितलं नाही.

तुझ्या लहानग्या यमुनेला कळावं म्हणून तू अंगणात परात मांडलीस. एका बाजूला काळ्या मातीचा उतार केलास, पाणी ओतलंस आणि परातीच्या कडेला बोटानं ठोकत बसलास. छोट्या छोट्या लाटा उताराला लागत होत्या. वरचा काठ तसाच, कोरडा. खाली एक रेघ आत आत जात होती. मग एकदम वरचं ढेकूळ पाण्यात बसलं आणि यमुनेनं टाळी वाजवली. तू म्हणालास, "पाहय बापू. पानी आधी खालून खाते. वरून पाहाशीन त काठ जसाच्या तसा." आणि परात तिरपी करून दाखवलीस, लाट आडवी आली की मातीचा कण तिरपा वर चढतो, सरळ खाली उतरतो, पुन्हा तिरपा चढतो, असा चालत चालत परातीच्या पार दुसऱ्या टोकाला जातो. तिकडच्या खाडीच्या तोंडाशी अशीच वाळूची जीभ वाढली होती म्हणालास, होड्यांना दरवर्षी नवी वाट शोधावी लागे. माय परातीसाठी खोळंबली होती, कणीक भिजवायची होती. तिनं परात घासून घेतली आणि तुझा समुद्र उकिरड्यावर गेला.

त्या म्हातारीच्या दारासमोर वाळूवर एक वेल पसरलेली होती, जांभळ्या फुलांची. तिला तिकडं मर्यादवेल म्हणतात. तिची मुळं वाळू धरून ठेवतात. म्हातारी कोणाला तिचं पानही तोडू देत नसे. तिच्या शेजाऱ्यानं स्वतःच्या दारातली वेल उपटून जाळी वाळत घालायला जागा केली होती, त्याच्या माडांच्या दोन रांगा समुद्रात गेल्या. हे सांगताना तू माझ्याकडं पाहिलं नाहीस. मला ते फार लागलं.

आपलं भांडण तिथून सुरू झालं ते तू जाईपर्यंत मिटलं नाही. तू म्हणायचास, काठापासून दहा तासं सोडू, पुन्हा बाभळी लावू. मी म्हणायचो, ज्या वर्षी जग कापूस मागून राहिलं त्याच वर्षी आपण बाभळी लावायच्या? तू म्हणायचास, नदी घेतलेलं कुठं नेत नाही, पुढं ठेवते. ते खरं होतं. पैलथडीला, वळणाच्या आतल्या बाजूला, जिथं पाणी मंद होतं, तिथं दरवर्षी गाळाची मळई वाढत होती. गौराबाई माळीण तिथं उन्हाळ्यात टरबुजांची डांगरवाडी करायची. तू पाण्यातून पलीकडं जायचास, हातभर खड्डा खणून थर पाहायचास, खाली जाड रेती, वर बारीक, सगळ्यात वर मऊ गाळ. परत येऊन सांगायचास, जड असते ते पाणी आधी टाकते. तुला त्यात एवढा आनंद कसला होतो हे मला समजत नसे. ती माती आपली होती.

एकदा मी तुला विचारलं होतं, "देते देते म्हनतं, पन कोनाले देते? ज्याचं घेतलं त्याले कधी देल्लं का?"

तू पैलथडीकडं पाहिलंस. मग म्हणालास, विचार करून सांगतो. ते सांगायचं राहिलं.

आता ती ओळ जी मी गाळली असती. परतल्यावरच्या पहिल्या आषाढात तू काठाला बाभळीची रोपं लावलीस. कुठून कुठून आणून, ओंजळीनं पाणी घालून. श्रावणात तू अंजनगावला बैल पाहायला गेलास तेव्हा मी पऱ्हाटीत तण काढायचा डवरा चालवत होतो. शेवटच्या तासाला आलो आणि बैल वळवले नाहीत. रोपांवरून डवरा नेला. एक गेल्यावर थांबता आलं असतं. मी पुरी रांग नेली. तू आल्यावर तुला म्हणालो, शेळ्या शिरल्या होत्या. तू वाकून एक रोप उचललंस, पाहिलंस आणि खाली ठेवलंस. "बरं," म्हणालास. यंदाच्या ज्येष्ठात पुन्हा बी टोचलंस. ती रोपं वीतभरच झाली होती.

यंदा पोळ्यानंतर डोंगरात चार दिवस पाऊस होता. पूर आला, आपल्या काठावर यायला हातभर राहिला आणि थांबला. पाचव्या दिवशी ऊन पडलं, पाणी झपाट्यानं उतरायला लागलं. गाव मोकळं झालं. तुझ्या चेहऱ्यावर मात्र तसं नव्हतं. तू सकाळी म्हणालास, आज काठाकडं कोणी जाऊ नका, पाणी वर असतं तोवर ते काठाला धरून असतं, उतरलं की भिजलेली माती आधार सोडते. मी ऐकलं. आणि दुपारी गेलो. काठाकडच्या तासांतली पऱ्हाटी वाऱ्यानं लोळली होती, तिच्यावर हिरवी बोंडं धरली होती. मी एकेक झाड उभं करून बुडाशी माती दाबत होतो.

तू धुऱ्यावरून हाक मारली नाहीस. चालत जवळ आलास, सावकाश, पाय मोजून टाकत. मला वाटलं, भांडायला आलास. तू दहा पावलांवर थांबलास.

"बापू, मांगं पाहय."

मी मागं पाहिलं. माझ्या मागं जमिनीत भेग पडली होती. बोट जाईल एवढी. लांबपर्यंत गेलेली. मी भेगेच्या नदीकडच्या अंगाला होतो. मला कळलं, आणि तरी मी पऱ्हाटीचं झाड हातात धरून तसाच उभा राहिलो. का, ते मला आजही सांगता येत नाही.

तू भेग ओलांडून माझ्याकडं आलास. तुला त्या भेगेचा अर्थ माझ्यापेक्षा जास्त माहीत होता.

"पऱ्हाटी सोड," म्हणालास.

मी सोडली. तू माझा दंड धरून मला मागं फेकलंस. मी वावरात तोंडावर पडलो. आवाज मोठा नव्हता, पोतं टाकावं तसा. उठून पाहिलं तेव्हा काठ माझ्या पायापाशी आला होता आणि खाली गढूळ पाण्यात पऱ्हाटीची दोन झाडं उभीच्या उभी वाहत होती. तू नव्हतास.

सगळं गाव आपल्या काठानं खाली धावलं. संध्याकाळपर्यंत, दुसरा पूर्ण दिवस. पुढच्या दोन गावांना सांगावा गेला. लोक म्हणत होते, एवढ्या पाण्यात दर्यापूरपर्यंत गेला असेल. मी त्यांच्यामागं चालत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी मी चालता चालता थांबलो. तुझा आवाज वगैरे आला नाही. फक्त परात डोळ्यांपुढं आली. मी पाटलांना म्हणालो, खाली नाही, पैलथडीला पाहू. वळणाच्या आतल्या बाजूला, जिथं पाणी ठेवतं तिथं. त्यांना वाटलं, माझं डोकं फिरलं. तरी दोघांनी भोपळ्यांची सांगड बांधली आणि आम्ही पलीकडं गेलो.

तू तिथंच होतास. मळईच्या खालच्या टोकाला, नव्या गाळावर, कुशीवर. अंगावर गौराबाईचं लुगडं होतं. ती शेजारी काठी घेऊन बसली होती.

"मी सकायपासून अठीच बसली हाये," ती म्हणाली. "हाका मारल्या, पन पान्याच्या आवाजात तुमच्याकडे आयकू येईना. सोडून कशी जाऊ? कुत्रे येतेत."

दोन वर्षं मी तिच्याकडं चोर म्हणून पाहत होतो. ती म्हणाली, तू येऊन बसायचास तिच्या वाडीत. एकदा मूठभर माती हातात घेऊन हसला होतास. "हे आमच्या वावरातली होय, म्हने. मी घाबरली, वाटलं मांगते का काय. त म्हने, पेरा बाई. आमची व्हती, आता तुमची."

तुला अलीकडं आणणं शक्य नव्हतं. तिथंच अग्नी दिला. माय आणि वयनी आपल्या काठावरून पाहत होत्या, पडलेल्या काठापासून लांब. लाकडं गौराबाईच्या वाडीच्या कुडाची होती. सुतकात मी तिच्यासाठी नवं लुगडं पाठवलं, तिनं घेतलं नाही. ते बरोबरच होतं.

तेरवी झाल्यावर मी वयनीशी बोललो. ती दळत होती, यमुना मायपाशी झोपली होती, दुपार होती. मी सांगितलं की शेळ्यांनी नाही, रोपांवरून मी डवरा फिरवला होता. ती दळत राहिली. मला वाटलं, ऐकलं नाही. मग तिनं मूठभर ज्वारी जात्यात टाकली आणि म्हणाली, "त्यायले मालूम व्हतं."

तिनं जात्याचा खुंटा पुन्हा धरला.

"डवऱ्याच्या पासेनं कापलेलं आन शेळीनं खाल्लेलं, शेतकऱ्याले समजत नाई का? त्याच दिवशी घरी येऊन मले सांगतलं. मी म्हनलं, मंग विचारा त्याले. त म्हने, नोको. त्याले समजन तवा तोच सांगन."

म्हणजे तू दोन वर्षं वाट पाहिलीस, भाऊ. रोज माझ्याबरोबर जेवलास, माझ्या पाठीवर हात ठेवलास, माझ्यासाठी मुलगी पाहायला नांदगावला जाऊन आलास. आणि त्या दिवशी भेग ओलांडून आलास तेव्हाही तुला ते माहीत होतं. मला इथं काही तरी वाटायला हवं आहे. मी ते कागदावर लिहून पाहतो आहे, कदाचित वाटेल म्हणून.

काल सकाळी मी वावरात गेलो. काठाकडचं पहिलं तास धरलं आणि पऱ्हाटी उपटायला लागलो. हिरव्या बोंडांसकट. आश्विनातली पऱ्हाटी मुळाशी घट्ट असते, दोन्ही हातांनी ओढावी लागते. वाटेनं जाणारे थांबले. एकानं विचारलं, काय करून राहिला बापू, वेड लागलं का, अमरावतीत कापसाला काय भाव चालू आहे माहीत आहे ना? मी पुढचं झाड धरलं. ते थोडा वेळ उभे राहिले आणि गेले.

एक ओळ संपवून वर पाहिलं तर वयनी दुसऱ्या टोकाकडून येत होती. तिनं पदर खोचला होता. ती एकेक झाड उपटत होती, झटकत होती आणि काठापासून आत, आपल्या अंगाला टाकत होती. ती तिकडून, मी इकडून. तळहात सोलले, ते मला दिवस उतरताना कळलं, कारण पाण्यात हात बुडवल्यावर आग झाली. वीस दिवसांत पहिल्यांदा मला काही लागलं. मी हात तसेच पाण्यात धरून बसलो आणि मग माझ्यानं आवरेना. वयनी थोड्या अंतरावर पाठ करून उभी राहिली, माझं रडून होईपर्यंत.

मग तिनं पदरानं तोंड पुसलं, राहिलेल्या वावराकडं पाहिलं आणि म्हणाली, "चाला. उद्या आनखी दोन तासं काढू."